पीएम (शवविच्छेदन) झालं नाही, पण शेवटचे ३६ तास कागदावर आहेत

पत्र : माझा भाऊ ३१ वर्षांचा होता. लहानपणापासून बौद्धिक दिव्यांग, बोलणं अगदी मोजकं. गेली सहा वर्षं मानसिक आजाराची औषधंही चालू होती. घरात अंगावर धावून येऊ लागला म्हणून शेजारच्या जिल्ह्यातल्या एका खासगी मनोरुग्णालयात ठेवला. नवव्या दिवशी पहाटे गेला. आदल्या दुपारी आई भेटायला गेली होती. त्याचं पोट फुगलं होतं, दोनदा उलटी झाली होती आणि दोन्ही हात कॉटला बांधलेले होते. आईने विचारलं तर ‘हा असंच करतो’ म्हणाले. कागदावर कारण म्हणून ‘कार्डिओ-रेस्पिरेटरी अरेस्ट’ एवढंच लिहिलंय. पीएमचं कोणी बोललं नाही, आम्हालाही सुचलं नाही. त्याच दिवशी अंत्यसंस्कार उरकले. आता पाच महिने झाले. वकील म्हणतात, पीएम नाही तर केस नाही. नातेवाईक म्हणतात, सुटला बिचारा. खरंच काहीच करता येणार नाही का?
— एक बहीण, सातारा जिल्हा

उत्तर :

ताई, करता येईल. पीएम नसल्याने वाट अवघड झाली आहे, बंद झालेली नाही. फौजदारी खटल्यात ही उणीव फार नडते, ग्राहक आयोगात ती बऱ्याच अंशी भरून काढता येते. तुमच्या वकिलांनी दोन्ही गोष्टी एकाच मापाने मोजल्या आहेत.

‘तो नेमका कशाने गेला’ इथून सुरुवात करू नका. त्याचं ठाम उत्तर आता कदाचित कोणीच देऊ शकणार नाही आणि समोरचा वकील तुम्हाला त्याच प्रश्नावर अडवून ठेवेल. तुमचा प्रश्न वेगळा आहे : शेवटच्या ३६ तासांत त्याच्याकडे कोणी, किती वाजता, काय पाहिलं आणि पाहून काय केलं? ज्याला ‘पोटात दुखतंय’ असं सांगता येत नाही, त्याच्यावर लक्ष ठेवणं हा उपचाराचाच भाग असतो. लक्ष ठेवलं असेल तर नोंद सापडेल. नोंद नसेल, तर त्याचं उत्तर रुग्णालयाला द्यावं लागेल.

म्हणून पहिलं काम कागद मिळवण्याचं. या आठवड्यात आईंच्या सहीने रुग्णालयाला पत्र लिहा आणि स्पीड पोस्टाने, पोहोचपावतीसह पाठवा. सोबत ईमेलही करा. ‘सगळे रेकॉर्ड द्या’ असं मोघम लिहिलंत तर डिस्चार्ज समरीची दोन पानं हातात पडतील. एकेका कागदाचं नाव घ्या : दाखल करतानाचा अर्ज आणि संमतीचे कागद, दोन तज्ज्ञांनी केलेल्या तपासणीच्या नोंदी, रोजचा केसपेपर, नर्सिंग नोट्स, ताप-नाडी-श्वास-रक्तदाबाचा तक्ता, औषधांचा तक्ता, खाणं-पाणी आणि लघवी-शौचाची नोंद, बांधून ठेवल्याच्या नोंदी, रक्त तपासण्या आणि ईसीजी (वेळेसह), त्या रात्रीच्या डॉक्टर-नर्सची ड्युटी लिस्ट, शेवटी छातीदाब वगैरे केलं त्याची मिनिटवार नोंद आणि सीसीटीव्ही. प्रत्येक पानावर पानक्रमांक, शिक्का आणि सही मागा. सीसीटीव्ही पाच महिन्यांनी बहुधा पुसलं गेलेलं असेल. तरीही मागा, कारण ‘उपलब्ध नाही’ हे त्यांनी लेखी कळवलेलं बरं.

‘रेकॉर्ड फक्त पोलिसांना किंवा कोर्टाला देतो’ हे उत्तर तुम्हाला हमखास मिळेल. ते चुकीचं आहे. भारतीय वैद्यक परिषदेच्या २००२च्या आचारसंहितेनुसार रुग्णाने किंवा त्याच्या अधिकृत माणसाने मागितल्यापासून ७२ तासांत कागद द्यावे लागतात आणि उपचार सुरू झाल्यापासून तीन वर्षं ते जपावे लागतात. मुंबई उच्च न्यायालयाने रघुनाथ रहेजा प्रकरणात १९९६ सालीच रुग्णालयांची ही टाळाटाळ अमान्य केली आहे. पत्रात या दोन्हींचा उल्लेख करा.

मृत्यूच्या कारणाचा कागद वेगळा मागा. नगरपालिकेच्या मृत्यू दाखल्यावर कारण नसतं. कारण असतं ते डॉक्टरने भरलेल्या फॉर्म ४ वर, आणि जन्म-मृत्यू नोंदणी कायद्यात २०२३ साली झालेल्या दुरुस्तीनंतर त्याची प्रत जवळच्या नातेवाइकाला द्यावीच लागते. या फॉर्मवरच सूचना छापलेली असते की मरण कोणत्या आजाराने किंवा गुंतागुंतीने आलं ते लिहा, ‘हार्ट फेल्युअर’सारखा मरणाचा प्रकार लिहू नका. ‘कार्डिओ-रेस्पिरेटरी अरेस्ट’ म्हणजे हृदय आणि श्वास थांबला. तो तर प्रत्येकाचाच थांबतो. ३१ वर्षांच्या माणसाच्या फॉर्मवर, बांधलेल्या अवस्थेतल्या रात्रीनंतर, एवढंच लिहिलं असेल तर दोनच शक्यता उरतात : डॉक्टरला कारण माहीत नव्हतं किंवा लिहायचं नव्हतं. माहीत नव्हतं तर पोलिसांना कळवून पीएम का करवलं नाही, हा पहिला प्रश्न तिथेच उभा राहतो. पीएम न होणं हा फक्त तुमचा दोष म्हणून तुमच्या माथी मारला जाईल. हा कागद हाती असला की त्याला उत्तर देता येतं.

(हे वाचणाऱ्यांपैकी कोणाच्या घरी असं आत्ताच घडलं असेल, तर अंत्यसंस्कार थांबवा. हद्दीतल्या पोलीस ठाण्यात हाताने लिहिलेला अर्ज द्या : मृत्यू संशयास्पद वाटतो, भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ प्रमाणे इन्क्वेस्ट (मृत्यूच्या चौकशीचा) पंचनामा करा, पीएम शासकीय रुग्णालयात करा, व्हिसेरा (पोटातल्या अवयवांचे नमुने) तपासणीसाठी राखून ठेवा. मनगटं, घोटे आणि पोटाचे फोटो काढून ठेवा. एक रात्र थांबल्याने पुढची दोन वर्षं वाचतात.)

कागद आले की मूळ प्रतीवर एक रेघही मारू नका. झेरॉक्स काढा आणि वहीत तक्ता आखा : वेळ, कोणी लिहिलं, काय लिहिलं, आणि त्या वेळी तुम्हाला काय माहीत होतं. आईंच्या भेटीची वेळ एसटीच्या तिकिटावरून किंवा फोनच्या कॉल-लॉगवरून पक्की करा. औषधांचा तक्ता मेडिकलच्या बिलांशी ताडून पाहा. इंजेक्शन लावल्याची नोंद आहे पण बिल नाही, किंवा बिल आहे पण नोंद नाही, असं पुष्कळदा निघतं. रात्री ८, १२ आणि ४ च्या नोंदी एकाच हाताने, एकाच पेनने, ‘झोपलेला, तक्रार नाही’ अशा एकसारख्या असतील तर त्यावर खूण करा. दुपारी आईंनी उलटी पाहिली आणि केसपेपरमध्ये उलटीचा शब्दच नसेल, तर ती या प्रकरणातली सगळ्यात महत्त्वाची ओळ ठरेल.

आता वैद्यकीय बाजू. तुमच्या भावाचं निदान इथे बसून कोणी करू नये. पण तज्ज्ञाला काय विचारायचं ते सांगता येतं. औषधांच्या तक्त्यात क्लोझापिन (तीव्र मानसिक आजारावरचं औषध) आहे का ते पाहा, आणि सोबत ट्रायहेक्सिफेनिडिल (अशा औषधांनी येणारा कंप-ताठरपणा कमी करणारं) आहे का तेही पाहा. क्लोझापिनने आतड्यांची हालचाल मंदावते, दुसऱ्या औषधाने आणखी मंदावते. बद्धकोष्ठाकडे दुर्लक्ष झालं तर आतडं पार थांबू शकतं आणि माणूस दगावू शकतो. अमेरिकेच्या औषध नियामकाने २०२० साली याबद्दलचा इशारा आणखी कडक केला. फुगलेलं पोट, उलटी, वाढलेली नाडी आणि शौच न होणं ही त्याची लक्षणं. अशा वेळी पोट तपासणं, एक्स-रे काढणं, औषध थांबवण्याचा विचार करणं आणि सर्जनकडे पाठवणं अपेक्षित असतं. दुसरा धोका उलटी श्वासनलिकेत जाण्याचा. गुंगीचं इंजेक्शन दिलेला, पाठीवर निजवून हात बांधलेला माणूस कुशीवर वळू शकत नाही. म्हणून शौचाची नोंद नऊही दिवसांची पाहा. ‘हा असंच करतो’ या उत्तरामागे एक जुनी, जीवघेणी चूक असते : शरीराच्या त्रासालाही मनाचा आजारच समजायचं. बौद्धिक दिव्यांग माणसं त्यामुळे टाळता येणाऱ्या कारणांनी जातात.

दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र दाखल करताना दिलं होतं का, ते आठवून पाहा. फाइलमध्ये त्याची प्रत असेल तर ‘त्याने तक्रार केली नाही’ हा बचाव लंगडा पडतो. तो तक्रार करू शकत नाही हे त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं.

हात बांधण्याबद्दल कायदा अगदी नेमका आहे. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ चं कलम ९७ वाचा. स्वतःला किंवा इतरांना तातडीची इजा होण्याचा धोका असेल आणि दुसरा उपाय नसेल तरच बांधता येतं, तेही मनोविकारतज्ज्ञाच्या परवानगीने आणि गरजेपेक्षा एक क्षणही जास्त नाही. कसं बांधलं, का बांधलं आणि किती वेळ, हे तिथल्या तिथे लिहावं लागतं. बांधलेल्या माणसावर सतत देखरेख हवी. शिक्षा म्हणून किंवा माणसं कमी आहेत म्हणून बांधता येत नाही. प्रत्येक वेळी २४ तासांच्या आत नामनिर्देशित प्रतिनिधीला, बहुधा तुमच्या आईंना किंवा तुम्हाला, कळवावं लागतं. आणि प्रत्येक प्रसंगाची माहिती दर महिन्याच्या अहवालात मानसिक आरोग्य पुनर्विलोकन मंडळाकडे जावी लागते. तुम्हाला कळवलं होतं का? नसेल, तर मृत्यूचं कारण काहीही असो, कायद्याचा हा भंग स्वतंत्रपणे सिद्ध होतो. त्याला पीएम लागत नाही.

इथे एक पळवाट बुजवून ठेवा. या कायद्यात निव्वळ बौद्धिक दिव्यांगत्व ‘मानसिक आजार’ धरलेलं नाही, त्यामुळे ‘कायदा लागूच नाही’ असं म्हटलं जाऊ शकतं. तुमच्या भावाला मानसिक आजार होता, त्याचे उपचार चालू होते आणि त्यासाठीच त्याला दाखल केलं होतं. तक्रारीत आधी हे लिहा, बौद्धिक दिव्यांगत्व नंतर.

मुख्य लढाई ग्राहक आयोगात लढा, असं आमचं स्पष्ट मत आहे. मुदत दोन वर्षं, पाच महिने गेले आहेत. तक्रार आईंच्या नावाने करा. भाऊ अविवाहित होता, तेव्हा हिंदू वारसा कायद्याप्रमाणे आई पहिल्या वर्गातल्या वारस आहेत, बहीण दुसऱ्या. बिल तुम्ही भरलं असेल तर तुम्हीही तक्रारदार व्हा, सेवा पैसे देऊन घेणाराही ग्राहकच असतो. तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार चालते, दुसऱ्या जिल्ह्यात खेपा घालायला नकोत. कोणत्या पायरीवर जायचं ते मागितलेल्या भरपाईवर ठरत नाही, रुग्णालयाला दिलेल्या पैशांवर ठरतं. ५० लाखांपर्यंत जिल्हा आयोग, आणि दिलेली रक्कम ५ लाखांच्या आत असेल तर शुल्क शून्य. ग्राहक आयोगांच्या ‘ई-जागृती’ या पोर्टलवर ऑनलाइन दाखल करता येते. वकील परवडत नसेल तर जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात अर्ज करा. महिलेला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो. १५१०० हा त्यांचा दूरध्वनी.

सामनेवाला (ज्याच्याविरुद्ध तक्रार) म्हणून रुग्णालय आणि उपचार करणारे मनोविकारतज्ज्ञ दोघांनाही घ्या. त्या रात्री नेमकं कोण हजर होतं हे माहीत नसलं तरी अडत नाही. सविता गर्ग प्रकरणात (२००४) सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं की प्रत्येक डॉक्टरला पक्षकार करायला हवंच असं नाही, आणि रुग्ण आपल्या ताब्यात असताना काळजी घेतली हे रुग्णालयाने दाखवावं. व्ही. किशन राव प्रकरणात (२०१०) सांगितलं की प्रत्येक ग्राहक तक्रारीत तज्ज्ञाचं मत बंधनकारक नाही. तुमच्या प्रकरणाला सगळ्यात जवळचा निकाल म्हणजे अरुणकुमार मांगलिक विरुद्ध चिरायू हेल्थ (२०१९). तिथे डेंग्यूच्या रुग्णावर जशी देखरेख हवी होती तशी ठेवली नाही, हाच निष्काळजीपणा ठरला आणि १५ लाखांची भरपाई मिळाली. बाकीचं सोडलं तरी हा निकाल वकिलांना वाचायला लावा.

तज्ज्ञाचं मत बंधनकारक नसलं तरी घ्याच. जिल्ह्याबाहेरच्या, शक्यतो निवृत्त प्राध्यापकांकडे जा, जवळचे डॉक्टर सहकाऱ्याविरुद्ध लिहायला कचरतात. एक मनोविकारतज्ज्ञ आणि एक सर्जन किंवा फिजिशियन हवेत. त्यांना सारांश देऊ नका, अख्खं रेकॉर्ड आणि तुमचा तक्ता द्या. ‘चूक झाली का?’ असं विचारू नका. विचारायचं ते असं : दुपारी फुगलेलं पोट आणि उलट्या असताना पुढच्या सहा तासांत कोणत्या तपासण्या अपेक्षित होत्या? त्यातल्या कोणत्या झाल्याची नोंद आहे? वेळेत हलवलं असतं तर वाचण्याची शक्यता किती होती? शेवटच्या प्रश्नावर बहुतेक तक्रारी पडतात, कारण चूक आणि मृत्यू यांतला दुवा कोणी लिहूनच देत नाही.

त्या रात्री ड्युटीवर असलेल्या डॉक्टरांची पदवी आणि नोंदणी क्रमांकही तपासा. पूनम वर्मा प्रकरणात (१९९६) होमिओपॅथने ॲलोपॅथीची औषधं देणं हाच निष्काळजीपणा मानला गेला होता. महाराष्ट्रात त्यानंतर काही अभ्यासक्रमांच्या आधारे सवलती आल्या आहेत, म्हणून हा मुद्दा वकिलांना विचारूनच घ्या. रुग्णालयाची नोंदणी दोन ठिकाणी हवी : नर्सिंग होम म्हणून आणि मानसिक आरोग्य आस्थापना म्हणून. ती माहितीच्या अधिकारात मागा. महापालिका हद्दीत आरोग्य अधिकाऱ्यांकडे, इतरत्र जिल्हा शल्यचिकित्सक किंवा जिल्हा आरोग्य अधिकाऱ्यांकडे अर्ज करा. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टँप, एका अर्जात एकच विषय, १५० शब्दांच्या आत. बांधून ठेवल्याचे मासिक अहवाल आले होते का, यासाठी राज्य मानसिक आरोग्य प्राधिकरणाकडे वेगळा अर्ज. ३० दिवसांत उत्तर नाही आलं तर पहिलं अपील.

फौजदारीबद्दल स्पष्ट सांगतो, म्हणजे अपेक्षाभंग होणार नाही. भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६(१) मध्ये निष्काळजीपणाने मृत्यूला पाच वर्षांपर्यंत शिक्षा आहे, पण वैद्यकीय प्रक्रिया करणाऱ्या नोंदणीकृत डॉक्टरसाठी ती दोन वर्षांपर्यंत आहे. जेकब मॅथ्यू प्रकरणापासून (२००५) डॉक्टरविरुद्ध साधी चूक पुरत नाही, घोर निष्काळजीपणा लागतो, आणि पोलीस आधी स्वतंत्र, शक्यतो सरकारी डॉक्टरांचं मत घेतात. तुमचा अर्ज जिल्हा शल्यचिकित्सकांच्या समितीकडे जाईल. तिथे काय बिघडतं ते लक्षात ठेवा : पोलीस समितीला ‘निष्काळजीपणा झाला आहे का?’ एवढं एकच वाक्य पाठवतात आणि ‘नाही’ एवढंच उत्तर येतं. म्हणून अर्जासोबत तुमचा तक्ता, तज्ज्ञांचं मत आणि पाच-सहा नेमके प्रश्न जोडा आणि हेच प्रश्न समितीला पाठवावेत अशी लेखी मागणी करा. ठाण्यात दखल नाही घेतली तर पोलीस अधीक्षकांना पत्र, मग भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७५(३) खाली दंडाधिकाऱ्यांकडे. मुदत तीन वर्षंच आहे असं धरून चाला. पण तज्ज्ञांचं मत हातात येण्याआधी हा अर्ज देऊ नका. समितीचं घाईत आलेलं ‘नाही’ पुढे ग्राहक आयोगातही तुमच्याविरुद्ध वापरलं जातं.

डॉक्टरच्या परवान्याबद्दल महाराष्ट्र वैद्यक परिषदेकडे प्रतिज्ञापत्रासह तक्रार करता येते. बांधण्याबद्दल पुनर्विलोकन मंडळाकडे करता येते, त्याला शुल्क नाही. या दोन्ही ठिकाणी भरपाई मिळत नाही. मंडळाकडची तक्रार आधी करा, कारण त्याच रुग्णालयात आजही कोणी बांधलेला असू शकतो.

नातेवाइकांच्या ‘सुटला’बद्दल. हेच वाक्य आयोगात सभ्य भाषेत येईल : तो कमावत नव्हता, घरावर भारच होता, मग नुकसान कसलं? त्याची तयारी आजच करा. तो घरात काय करायचा ते आईंकडून लिहून घ्या. पाणी भरायचा, गुरांना वैरण घालायचा, आईंबरोबर देवळात जायचा, जे असेल ते. मांगलिक प्रकरणात न कमावणाऱ्या गृहिणीच्या कामाची किंमत धरावी लागेल असं न्यायालयाने म्हटलं आहे. पुत्र गेल्याचं दुःख आणि त्याच्या सहवासाची हानी याही स्वतंत्र मागण्या आहेत. त्याचं आयुष्य कमी किमतीचं होतं, हे कोणत्याही कागदावर मान्य करू नका.

रुग्णालयात घोळक्याने जाऊ नका. महाराष्ट्रात २०१० च्या कायद्याने रुग्णालयातली मोडतोड आणि डॉक्टरांवर हात टाकणं हा तीन वर्षांपर्यंत शिक्षेचा गुन्हा आहे, आणि मग तक्रारदार तुम्ही न राहता ते होतात. व्हॉट्सॲपवर डॉक्टरचं नाव फिरवू नका. ‘बिल माफ करतो, आमची काही तक्रार नाही असं लिहून द्या’ असं कोणी म्हणालं तर सही करू नका.

आईंचं सांगणं या आठवड्यातच लिहून घ्या, त्यांच्याच शब्दांत. पोट केवढं फुगलं होतं, उलटीचा रंग काय होता, हात कशाने बांधले होते (कापड, दोरी की पट्टा), कोणत्या नर्सशी बोलणं झालं, त्याने आईंना ओळखलं का. खाली तारीख आणि सही. ७२ तास उलटूनही कागद आले नाहीत तर दुसरं पत्र पाठवा, त्यात पहिल्या पत्राच्या पोहोचपावतीची तारीख लिहा, आणि त्याची एक प्रत नर्सिंग होमची नोंदणी करणाऱ्या अधिकाऱ्यालाही टाका.